तीन चाकांवर आंबोली

बेळगावच्या माणसाला आंबोलीचा रस्ता विचारू नये. तो रस्ता सांगत नाही, कोणत्या पावसाळ्यात कोणाबरोबर गेलो होतो ते सांगत बसतो. शहरापासून जेमतेम सत्तर किलोमीटरवर असलेलं हे गाव आपल्याकडच्या प्रत्येक घराच्या अल्बममध्ये एकदा तरी असतंच. कुणाचा फोटो धबधब्याखाली, कुणाचा हिरण्यकेशीच्या देवळासमोर, कुणाचा धुक्यात, म्हणजे ज्यात कुणीच ओळखू येत नाही असा. आमच्या घरच्या फोटोत मात्र प्रत्येक वेळी एक गाडी आहे. काळी बुलेट आणि तिला डाव्या बाजूला जोडलेली साईडकार.

ही बुलेट १९८६ची. बाबांनी ती सेकंडहँड घेतली, तेव्हा ते हायस्कूलला गणित शिकवत होते आणि शाळेत बुलेटवर येणारे ते एकटेच शिक्षक होते. पुढे आजीचे गुडघे गेले. तिला मागे बसता येईना आणि रिक्षाने आंबोलीला कोण जाणार? म्हणून बाबांनी साईडकार बनवून घेतली. मी तिच्या मांडीवर बसून कितीदा तरी गेलोय. शिनोळी मागे पडली की आजीला डुलकी लागायची आणि तिच्या हाताचा पट्टा माझ्या पोटाभोवती तसाच घट्ट राहायचा. मित्रांना ही गाडी सांगितली की हमखास 'शोले' निघतो. १९७५चा तो सिनेमा, त्यातली ती दोघांची गाडी आणि गाण्याच्या मध्येच सुटून वेगळी पळणारी साईडकार. बाबांना तेवढा भाग कधी आवडला नाही. "सुटायला ते काय खेळणं आहे?" असं ते म्हणायचे. त्यामागचं कारण मला तीस वर्षांनी कळलं.

तीन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं लवकर पूर्ववत झालं, चालणंही काठीवर जमलं, पण उजव्या हाताची पकड काही परत आली नाही. गाडी परसातल्या पत्र्याखाली उभीच राहिली. मी बंगळुरूच्या एका कंपनीचं काम आता बहुतेक अनगोळच्या घरातूनच करतो, त्यामुळे दर वेळी चहाचा कप घेऊन खिडकीत आलो की ती दिसायची. गेल्या गणपतीनंतर एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "एकदा आंबोलीला ने. कारनं नको. ह्याच गाडीनं."

म्हणजे ते साईडकारमध्ये बसणार होते. आजीच्या जागी.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. मी बीई आहे, पण कॉम्प्युटरचा. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा काटकोनात घासायचा असतो, तो माझा शेवटपर्यंत काटकोनात आला नव्हता. तरी बॅटरी बदलली, कार्ब्युरेटर साफ करून घेतला, क्लच आणि ब्रेकच्या केबल नव्या टाकल्या. गाडी सुरू झाली. आवाज तोच, वास तोच. बाबांना हाताला धरून साईडकारमध्ये बसवलं आणि उद्यमबागच्या दिशेने निघालो.

दुसरा गिअर, तिसरा गिअर, सगळं छान. समोर गतिरोधक दिसला म्हणून एक्सिलरेटर सोडला. वेग चाळिसाच्या खाली आला आणि हँडल माझ्या हातात जिवंत झालं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, इतकं भराभर की मनगटं दुखली. मी घाबरून आणखी घट्ट धरलं तर ते आणखी जोरात. त्यात गाडीने उजवीकडे, रस्त्याच्या मध्याकडे ओढ घेतली. वेग विसाच्या खाली आला आणि सगळं एकदम शांत झालं. काहीच झालं नव्हतं असं. डावीकडे पाहिलं तर बाबांनी डाव्या हाताने साईडकारची कड धरली होती. ते माझ्याकडे पाहत नव्हते, पुढच्या चाकाकडे पाहत होते.

घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, हे काय नवीन?"

"नवीन नाही," ते म्हणाले. "ती पहिल्यापासून तशीच आहे. मी धरून ठेवायचो. आजीला कधी कळू दिलं नाही."

वीस-बावीस वर्षं, प्रत्येक आंबोलीला, प्रत्येक गतिरोधकाला. आजी निवांत झोपलेली, मी तिच्या मांडीवर, आणि उजवीकडे बाबा हसतमुखाने बसलेले. मला ते हसणं आठवत होतं. मनगटं नव्हती आठवत.

आता हे का होतं ते सांगतो, कारण मलाही ते आधी ठाऊक नव्हतं. मोटरसायकलचा पुढचा फोर्क उभा नसतो, तिरका असतो. त्या तिरक्या मानेतून एक काल्पनिक रेघ जमिनीपर्यंत ओढली तर ती चाक जिथे जमिनीला टेकतं त्याच्या थोडी पुढे टेकते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेलमुळे चाक मानेच्या मागे फरफटत येतं आणि आपोआप सरळ होतं. दोन चाकांवर असताना हे वरदान आहे. पण ऑफिसच्या खुर्चीचं किंवा विमानतळावरच्या ट्रॉलीचं चाक आठवा. तेही मागे फरफटतच येतं, आणि एका ठरावीक वेगाला एकाएकी फडफडायला लागतं. सरळ व्हायला जातं, मध्य ओलांडून पुढे जातं, परत येतं, पुन्हा ओलांडतं. नुसती मोटरसायकल कलू शकते, तोल बदलून असा हेलकावा पचवू शकते. साईडकार लावली की ते कलणं संपलं. मग चाकाचा हा झगडा सगळा हँडलवर येतो, आणि तो बहुधा २५ ते ४० किलोमीटरच्या पट्ट्यात येतो. वेग वाढला की जातो, कमी झाला की जातो.

पुस्तकात हे ठीक आहे. पण आपल्याकडच्या रस्त्यावर २५ ते ४० हा मधला पट्टा नसतो, तोच सगळा प्रवास असतो. हिंडलग्यापासून शिनोळीपर्यंत किती गतिरोधक आहेत ते एकदा मोजून पाहा.

मी माझ्या धंद्याच्या सवयीप्रमाणे वागलो. तक्रार आली ना, मग ती दिसणं आधी बंद करा. इंटरनेटवर वाचून स्टिअरिंग डॅम्पर मागवला. हा एक छोटा पंप असतो, आत तेल असतं. त्याचं एक टोक फ्रेमला, दुसरं फोर्कला लावायचं, म्हणजे हँडल भराभर फिरवायला गेलं की तो अडवतो, सावकाश फिरवलं तर वाट देतो. दुसऱ्या गावातल्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये तो बसवून घेतला. त्यांनी तो शेवटच्या क्लिकपर्यंत कडक केला, गाडी एक फेरी फिरवली आणि बिल दिलं. वॉबल खरंच गेला! मी खूश. बाबांना दाखवायला नेलं. त्यांनी उभ्याउभ्या डाव्या हाताने हँडल इकडून तिकडे फिरवलं आणि विचारलं, "हे इतकं जड का?" चौथ्या दिवशी खानापूर रोडवर एका खड्ड्यातून गेलो तेव्हा मानेतून टक् असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सरळ रस्त्यावरही किंचित भटकायला लागली.

उद्यमबागमध्ये बाबांचा एक जुना विद्यार्थी आहे. आता पंचावन्नच्या पुढचा, स्वतःची दोन लेथ असलेला. सगळे त्याला मेस्त्री म्हणतात, मी मामा म्हणतो. उद्यमबाग ज्यांनी पाहिलं नसेल त्या धाकट्या मंडळींसाठी सांगतो: आपलं शहर कुंद्यासाठी ओळखलं जातं ते खरं, पण त्याचं पोट या फाउंड्र्या, लेथ आणि हायड्रॉलिकच्या कारखान्यांवर चालतं. तिथल्या गल्लीत उभं राहिलं की एका शेडमधून मराठी ऐकू येतं, दुसऱ्यातून कन्नड, तिसऱ्यातून हिंदी, आणि सगळ्यांतून कापलेल्या लोखंडाचा तोच वास. नकाशावर नसलेलं कोणतंही पिन, बुश, स्पेसर इथे तासाभरात तयार होतं. नमुना द्या, नाहीतर नुसतं माप सांगा.

मेस्त्रीमामांनी गाडी पाहिली, डॅम्पर पाहिला, आणि म्हणाले, "पहिलं ह्ये काढ."

"मामा, तोच तर इलाज आहे."

"ताप हाय म्हणून थर्मामीटर फोडणार काय? काढ की."

मग त्यांनी पुढचं चाक उचलून ठेवलं आणि मला हँडल सावकाश फिरवायला सांगितलं. अगदी मध्यावर ते खट्कन एका जागी बसत होतं, खाचेत बसल्यासारखं. मानेच्या आत वर-खाली छर्रे असतात आणि ते ज्या वाट्यांमध्ये फिरतात त्या कोन सेटला वर्षानुवर्षं एकाच जागी मार खाऊन खड्डे पडले होते. फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवली तर स्पष्ट प्ले होता. डॅम्परने हाच प्ले माझ्यापासून लपवला होता, आणि तो लपलेला असताना मी गाडी खड्ड्यांतून नेत होतो.

नवा कोन सेट हा सोपा भाग. अवघड भाग साईडकारचा. ती बुलेटला चार ठिकाणी जोडलेली असते, दोन खाली, दोन वर. मामांनी एक लांब पहार घेऊन एकेका जोडाला तरफ दिली. तीन जोड ढिम्म. चौथा, मागचा खालचा, अर्धा मिलिमीटर हलला. उघडून पाहिलं तर गोल भोक लांबट अंड्यासारखं झालेलं आणि त्यातला बोल्ट मध्यावर झिजून बारीक झालेला. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं. मामांनी साईडकारच्या चाकाशी बोट दाखवलं. तिथे तोच अर्धा मिलिमीटर चांगला बोटभर झाला होता. गाडी चालताना साईडकारचं चाक दर खड्ड्याला स्वतःची दिशा बदलत होतं आणि तो धक्का पुढच्या चाकाला मिळत होता.

त्यांनी भोक मोठं करून त्यात स्टीलचा बुश ठोकला, नवीन पिन टर्न केली. मागच्या स्विंग आर्मचे बुशही गेलेले होते, तेही बदलले. पुढच्या चाकाचे स्पोक पान्याने एकेक वाजवून पाहिले. सतारीच्या तारा लावाव्यात तसं ते काम आहे. सैल स्पोक वेगळा वाजतो, माझ्या कानालाही कळला. एका शनिवारी सकाळी सुरू केलेलं काम दुसऱ्या शनिवारी दुपारपर्यंत चाललं, कारण मामांची स्वतःची ऑर्डर मध्ये यायची आणि मी तिथल्या स्टुलावर बसून मीटिंगा करायचो. माझ्या टीमला अजून वाटतं की आमच्या घराशेजारी बांधकाम चालू आहे.

दुसऱ्या शनिवारी बाबांना घेऊन गेलो. अलाइनमेंट करायची होती.

यात दोन गोष्टी असतात. पहिली, टो-इन. साईडकारचं चाक बुलेटच्या चाकांना अगदी समांतर ठेवत नाहीत, पुढच्या बाजूने किंचित आत वळवतात, कारण साईडकार एका बाजूला ओझ्यासारखी लटकत असते आणि गाडी सतत तिच्याकडे ओढली जाते. दुसरी, लीन-आऊट. बुलेटही उभी ठेवत नाहीत, साईडकारपासून दूर, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे, किंचित कललेली ठेवतात. माणसं बसली की ती जवळपास सरळ होते. दोन्ही गोष्टी किंचितच हव्यात. जास्त झाल्या तर टायर रस्त्यावर खरवडत जातात आणि वॉबलला आयतं निमित्त मिळतं.

मामांनी दोन लांब अॅल्युमिनियमच्या चौकोनी ट्यूब आणल्या, विटांवर ठेवल्या. एक बुलेटच्या दोन्ही चाकांना टेकवून, दुसरी साईडकारच्या चाकाला. मग पुढच्या आणि मागच्या आसाजवळ दोन ट्यूबमधलं अंतर मोजलं. फरक ४५ मिलिमीटर! १५ ते २० पुरे असतो. इतकी वर्षं ही गाडी एका बाजूला तोंड करून सरळ चालली होती. साईडकारचा टायर एकाच कडेने गुळगुळीत का व्हायचा, ते बाबांना त्या दिवशी कळलं. ते एवढंच म्हणाले, "मी दर वेळी टायरवाल्याला दोष द्यायचो."

लीन-आऊटसाठी शेजारच्या शेडचं बांधकाम चालू होतं तिथल्या गवंड्याचा ओळंबा मागून आणला. साईडकारमध्ये बाबांच्या वजनाइतकी वाळूची पोती, सीटवर मी. ओळंब्याची दोरी चाकासमोर सोडली. मामा म्हणाले, "एक डिग्री पायजे, पण दोरीवर डिग्री कशी बघायची सर?"

बाबा काठी टेकत पुढे आले. डाव्या हातात खडू घेतला आणि शेडच्या सिमेंटवर वाकून आकडे लिहायला लागले. झटक्यानंतर त्यांना मी कधी लिहिताना पाहिलं नव्हतं. आकडे पहिलीतल्या मुलासारखे वाकडे येत होते. "रिम १९ इंची. म्हणजे ४८३ मिलिमीटर. टॅन एक अंश किती?" त्यांनी मान वर केली. मी खिशातून फोन काढत होतो. मामा पटकन म्हणाले, "पॉइंट झिरो वन सेव्हन फाइव्ह." पाठ होतं त्यांना. चाळीस वर्षांनी. बाबांनी गुणाकार केला: साडेआठ मिलिमीटर. रिमची वरची कड खालच्या कडेपेक्षा दोरीपासून साडेआठ मिलिमीटर बाहेर हवी. मामांनी स्टीलची पट्टी लावली, वरच्या तिरक्या दांड्याचा नट पाव फेरा, मग आणखी पाव फेरा फिरवला आणि पट्टी वाचून दाखवली. बाबांनी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या, वहीत ओढायचे तशा.

मग रविवारी पहाटे चाचण्या. उद्यमबागचे रस्ते तेव्हा रिकामे असतात. मी हँडलला फोन बांधला आणि त्याच्यातल्या सेन्सरवर हेलकावे नोंदवले. दुरुस्तीपूर्वी वॉबल ४२ला सुरू होऊन २२ला थांबायचा, सेकंदाला साधारण चार हेलकावे. आता तो ३५ ते २९ एवढाच उरला होता आणि जोर फार तर पाव. मी लॅपटॉपवर दोन आलेख शेजारी ठेवून मामांना दाखवले. त्यांनी आदराने पाहिले आणि म्हणाले, "ते खरं, पण तुझ्या हाताला कसं वाटतंय ते सांग."

हाताला वाटत होतं की अजून काहीतरी आहे. मग आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. पुढच्या टायरमध्ये हवा थोडी वाढवली, फरक पडला. वाळूची पोती मागून पुढे सरकवली, फरक पडला. पोती काढून साईडकार रिकामी ठेवली तर वॉबल वाढला. रिकामी साईडकार चालवायला किती वाईट असते ते तेव्हा कळलं. डावीकडे वळताना तिचं चाक हळूच हवेत उचललं गेलं आणि माझा श्वास तिथेच अडकला. सगळ्यांत मोठा फरक मात्र मी पकड सैल केल्यावर पडला. मूठ आवळली की आपलेच हात त्या हेलकाव्यात सामील होतात. कोपरं मोकळी, तळवे नुसते टेकलेले, आणि एक्सिलरेटर झटक्यात न सोडता सावकाश कमी करायचा. हे बाबांनी शिकवलं, साईडकारमधून, ओरडून. पोत्यांच्या जागी ते स्वतःच येऊन बसले होते आणि "वाळूपेक्षा मी बरा, निदान बोलतो तरी," म्हणत होते.

तरीही ३० ते ३४ला एक थरथर उरलीच. मी मामांना विचारलं की आता कोणता भाग सैल असेल? ते म्हणाले, "आता कायबी सैल न्हाई. आता ही गाडीच अशी हाय." म्हणजे तो ट्रेल. एकट्या मोटरसायकलसाठी आखलेली मान साईडकारसाठी लांबच पडते. परदेशात खास साईडकारसाठी बनवलेल्या गाड्यांत हे मुळातच सोडवतात. रशियन उरलला पुढे वेगळ्या रचनेचा लीडिंग लिंक फोर्क असतो. बीएमडब्ल्यूच्या १९५५ नंतरच्या काही मॉडेलांच्या अर्ल्स फोर्कला तर आस बसवायला दोन जागा होत्या, एक साध्या मोटरसायकलसाठी, एक साईडकार लावल्यावर ट्रेल कमी करण्यासाठी. मला हे वाचून उत्साह आला होता. मामांना चित्र दाखवून विचारलं, आपण बनवूया का? त्यांना येत होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. पण त्यांनी बाबांकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. "माणूस बसणार हाय. मानंला वेल्डिंग मी करणार न्हाई. तुझा तो पंप आण."

तोच डॅम्पर, जो त्यांनी पहिल्या दिवशी काढायला लावला होता. ब्रॅकेट त्यांनी नवीन बनवलं, हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरताना पंप कुठे अडत नाही ना ते तीनदा पाहिलं, आणि तो सगळ्यांत हलक्या क्लिकवर ठेवला. नंतर दोन क्लिक वाढवले. बस्स. हँडल डाव्या हाताच्या एका बोटाने फिरत होतं, बाबांच्यासुद्धा.

ऑक्टोबरच्या एका मंगळवारी सुट्टी टाकून निघालो. रविवार मुद्दाम टाळला. हिंडलग्याच्या गणपतीला बाबांनी साईडकारमधूनच हात जोडले, पुढे तुरुंगाची भिंत, मग सुळगा, उचगाव फाटा, बाची. भात कापणीला आलेलं, उसात अजून कोयता पडलेला नव्हता. शिनोळीला पाट्यांची भाषा बदलते. लहानपणी मला वाटायचं तिथे रस्त्यावर रेघ मारलेली असेल. नाही. एका हॉटेलाची पाटी कन्नडमध्ये संपते, पुढच्या चहाच्या टपरीची मराठीत सुरू होते आणि दोन्हीकडचा चहा तितकाच गोड. तिथे एका पोलिसाने थांबवलं. त्याला कागद नको होते, कुतूहल होतं. "ही दुचाकी का तीनचाकी?" मी तयारच होतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २, उपकलम २७: मोटरसायकलच्या व्याख्येतच सुटी करता येणारी साईडकार आणि तिचं जादा चाक धरलेलं आहे. म्हणजे तीन चाकं असूनही दुचाकीच. तो हसला आणि बाबांना म्हणाला, "काका, मस्त बसलाय की." बाबांना ते काही फार आवडलं नाही.

मी वेग मोजत होतो. प्रत्येक गतिरोधकाआधी ४५, ४०, ३५, आणि पोटात गोळा. ३२ला तळव्यांना एक बारीक कंप यायचा, एखाद्याने हलकेच दार वाजवावं तसा, आणि जायचा. पाटणे फाट्यापर्यंत मी मोजायचं सोडून दिलं. चंदगडच्या पुढे जंगल दाट झालं, हवेला ओल आली आणि आंबोली कधी आली ते कळलंच नाही. बेळगावाहून जाताना ती तशीच येते. घाट चढावा लागत नाही. घाट गावाच्या पलीकडे, सावंतवाडीकडे उतरतो.

धबधबा त्या उतारावर आहे. बाबा म्हणाले, जाऊ. मी म्हटलं, नको. उतारावर ड्रम ब्रेक, ब्रेक लावला की उजवीकडे ओढणारी गाडी आणि समोरून वर येणाऱ्या एसट्या. ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "आजीला मी न्यायचो." आणि लगेच, "नेऊ नये होतं." आम्ही गावातच हिरण्यकेशीला गेलो. गुहेतून येणारं पाणी कुंडात पडतं तिथपर्यंत पायवाट ओली होती, बाबा माझ्या दंडाला धरून निम्म्यापर्यंत आले आणि एका दगडावर बसून राहिले. मी ओंजळीत पाणी आणलं, अर्धं वाटेत सांडलं. त्यांनी ते उजव्या हातात घ्यायचा प्रयत्न केला. उरलेलं अर्धंही सांडलं. आम्ही दोघे हसलो. मग कांदाभजी, चहा आणि परत.

परतीला चारचं ऊन पाठीशी होतं. शिनोळी गेली. मी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नसेल म्हणून डावीकडे पाहिलं. बाबांचं हेल्मेट एका बाजूला कललं होतं, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर. समोर बाचीचा गतिरोधक दिसत होता. मी एक्सिलरेटर सावकाश कमी केला. ४०, ३५, ३२. तळव्यांना तो बारीक कंप आला आणि गेला. पुढचं चाक चढलं, मागचं चढलं, साईडकारचं चढून उतरलं. ते उठले नाहीत.